एक हजार ब्याण्णव पुस्तकांचा माग

बाबूराव अर्नाळकर यांच्या प्रकाशित पुस्तकांचा आकडा १,०९२ असा सांगितला जातो. तो कुठल्याही मराठी सूचीतून आलेला नाही. गिनीज बुकाच्या जुन्या इंग्रजी आवृत्तीत अर्नाळकरांची नोंद आहे आणि तिची शब्दयोजना जपून केलेली आहे: १९३६ ते १९८४ या काळात पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेल्या १,०९२ छोट्या रहस्यकथा, शिवाय इतर काही पुस्तके. त्यात ‘कादंबरी’ हा शब्द नाही. कादंबऱ्यांचा विक्रम त्याच ग्रंथाने दक्षिण आफ्रिकेच्या कॅथलीन लिंडसे यांच्या नावावर लावला होता. अनेक टोपणनावांनी लिहिलेल्या त्यांच्या कादंबऱ्या ९०४ होत्या. पुढे २००६ मध्ये सर्वाधिक प्रकाशित कृतींचा मान अमेरिकेच्या एल. रॉन हबर्ड यांना मिळाला. त्यांचा आकडा १,०८४, म्हणजे अर्नाळकरांच्या आकड्यापेक्षा आठाने कमीच. मोजायची अट बदलली की विक्रमवीरही बदलतो, एवढे यातून दिसते.

मराठी लेखांमध्ये ही जपणूक टिकली नाही. ‘हजारावर कादंबऱ्या’ असे एकदा छापून आले आणि तेच पुढे चालू राहिले. जन्मसालाचाही असाच घोळ आहे. मराठी संदर्भांत ते १९०६ आहे, गिनीजमध्ये १९०७. निधन १९९६ मधले, त्याबद्दल वाद नाही. ‘अर्नाळकर’ हे घेतलेले नाव. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. नावातले अर्नाळा हे विरारजवळचे समुद्रकाठचे गाव, समोरच्या बेटावर किल्ला असलेले. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच होते. तेव्हा ठाणेकरांनी या लेखकावर थोडा हक्क सांगितला तर तो अगदीच ओढूनताणून आणलेला ठरणार नाही.

एका माणसाने हजार पुस्तके लिहिणे ही अर्धीच गोष्ट. ती कोणीतरी छापावी लागतात, विकत घ्यावी लागतात, वाचून परत करावी लागतात. या सगळ्याची एक साखळी होती आणि तिचे शेवटचे टोक ठाण्यातल्या नौपाड्यासारख्या वस्त्यांमध्ये होते. अर्नाळकरांची पुस्तके इतकी का झाली आणि इतकी झाल्यावर गेली कुठे, या दोन्ही प्रश्नांचा शोध त्या साखळीतच घ्यावा लागतो.

शंभर पानांचा ऐवज

अर्नाळकरांची जुनी प्रत हातात आली की पहिल्यांदा तिचा हलकेपणा जाणवतो. शंभराच्या आतबाहेर पाने, बाजूने मारलेली तार, मुखपृष्ठावर भडक रंगांत काढलेला एखादा थरारक प्रसंग. आतला कागद वर्तमानपत्राच्या जातीचा असतो. लाकडाच्या लगद्यातले आम्ल त्यात तसेच राहिलेले असते, म्हणून तो आधी पिवळा पडतो, मग तपकिरी होतो आणि शेवटी कोपरा दुमडला की तिथेच तुटतो. छापणाऱ्यालाही तो फार टिकावा अशी अपेक्षा नव्हती. त्याचे काम पुस्तक स्वस्त ठेवण्याचे होते, आणि ते त्याने केले.

पानांची संख्या कथेपेक्षा छापखाना ठरवत असे. सोळा पानांचा एक फॉर्म धरला तर सहा फॉर्मची ९६ पाने होतात आणि सात फॉर्मची ११२. मधल्या कुठल्याही आकड्यावर कथा संपली तर कोरी पाने उरतात, आणि कोऱ्या पानांचा कागदही विकतच आणलेला असतो. मग तिथे येऊ घातलेल्या पुस्तकांची जाहिरात टाकायची. आज अर्नाळकरांच्या पुस्तकांची यादी करायला बसणाऱ्याला या जाहिरातींचा मोठा आधार असतो आणि मोठा धोकाही. जाहीर झालेले प्रत्येक पुस्तक निघालेच असेल, आणि त्याच नावाने निघाले असेल, असे समजून चालत नाही.

पुस्तकांची संख्या वाढण्याचे एक कारण खिळ्यांच्या पेटीतही आहे. त्या काळचा छोटा छापखाना हाताने खिळे जुळवून चालत असे. कंपोझिटर खणांतून एकेक खिळा उचलून ओळ लावणार, गॅली तयार होणार, प्रूफ तपासले जाणार, फॉर्म मशीनवर चढणार. मराठीला काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे यांसाठी शेकडो वेगवेगळे खिळे लागतात. छोट्या छापखान्याकडे ते इतके नसतातच की एक अख्खे पुस्तक जुळवून तसेच ठेवता येईल. म्हणून फॉर्म छापून झाला की खिळे सुटे करून आपापल्या खणांत परत टाकायचे आणि त्याच खिळ्यांवर पुढचा फॉर्म लावायचा. पुस्तक बाहेर पडते तेव्हा त्याची जुळणी मोडलेली असते. दुसरी आवृत्ती काढायची तर सगळे पुन्हा पहिल्यापासून लावावे लागते, म्हणजे जुळणीचा खर्च नव्या पुस्तकाइतकाच. मग प्रकाशक जुनेच पुस्तक पुन्हा कशाला लावेल? तेवढ्याच पैशांत लेखकाकडून नवे घेतले तर आधीचे गिऱ्हाईक पुन्हा येते.

पुनर्मुद्रण करणे सोपे असते तर अर्नाळकरांची पुस्तके संख्येने बरीच कमी आणि प्रतींनी बरीच जास्त झाली असती, असे मानायला जागा आहे.

महिन्याला दोन

अठ्ठेचाळीस वर्षांत १,०९२ म्हणजे वर्षाला साधारण तेवीस, महिन्याला जवळजवळ दोन. हा वेग केवळ प्रतिभेच्या बळावर पेलत नाही. त्याला बांधणी लागते. अर्नाळकरांची बांधणी त्यांच्या नायकांमध्ये होती. खासगी गुप्तहेर धनंजय आणि त्याचा साहाय्यक छोटू, कायद्याच्या कडेकडेने चालणारा, पण गरिबाच्या बाजूने उभा राहणारा झुंझार आणि त्याची पत्नी विजया, आणि काळापहाड. एकदा ही मंडळी वाचकाच्या घरची झाली की दर वेळी त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. शंभर पानांच्या पुस्तकात ओळखीची वीस पाने वाचली तर ती पाठलागाला मिळतात. खून पहिल्या प्रकरणात होऊ शकतो आणि धनंजय दुसऱ्या प्रकरणात येऊ शकतो.

इंग्रजी रहस्यकथेचा घाट मराठीत आणण्याची वाट अर्नाळकरांच्या आधी तयार झाली होती. गो. ना. दातार यांनी रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्यांची मराठी रूपे करून एका अख्ख्या पिढीला रात्री जागवले होते. अर्नाळकरांनी तो पसारा आटोपशीर केला. दातारांची पल्लेदार वाक्ये गेली, तळघरे आणि सरदार गेले, मुंबईची टॅक्सी आणि टेलिफोन आले. वाक्य छोटे झाले आणि संवाद वाढला. समीक्षकांनी या लेखनाकडे कित्येक वर्षे ढुंकूनही पाहिले नाही. एकेका पुस्तकाचे वाङ्मयीन मोल ठरवायचे म्हटले तर त्यांची बाजू अगदीच चुकीची नाही. पण मराठी गद्य वेगाने पळवायचे कसे, हे या पुस्तकांनी दाखवले, आणि त्या पळण्याची सवय लागलेले वाचक पुढे इतर पुस्तकांकडेही गेले.

अमेरिकेत याच सुमारास असेच विपुल लिहिणारे लेखक होते, पण तिथला हिशेब वेगळा होता. स्वस्त कागदावरच्या तिथल्या कथामासिकांत शब्दावर पैसे मिळत; म्हणून कथा लांबत. अर्ल स्टॅन्ली गार्डनर याच मासिकांतून वर आले. १९३३ मध्ये पेरी मेसन या वकिलाची पहिली कादंबरी निघाली आणि पुढे ऐंशीहून अधिक निघाल्या. गार्डनर मजकूर तोंडी सांगत आणि तो उतरवून घ्यायला सचिवांची फळी होती. मराठी रहस्यकथेत हस्तलिखित एकरकमी विकण्याची रीत होती आणि फॉर्म ठरलेले होते. लांबी वाढवून लेखकाच्या हाती काहीच पडत नव्हते, म्हणून लांबी वाढली नाही, संख्या वाढली.

नावांचा व्यवहारही उलटा होता. ‘निक कार्टर’ या अमेरिकन नावामागे कित्येक लेखक दडले होते. लॉरन पेन या एकाच अमेरिकन लेखकाने सत्तरच्या वर नावे वापरली, कारण एकाच लेखकाची पुस्तके वर्षभरात फार दिसली तर गिऱ्हाईक कंटाळेल, अशी तिथल्या प्रकाशकांची धास्ती. मराठीत वाचनालयाच्या मालकाला तेच नाव पुन्हा पुन्हा हवे होते. मुखपृष्ठावर ‘बाबूराव अर्नाळकर’ असले की प्रत चालेल एवढी खात्री त्याला असे.

नौपाड्यातला काउंटर

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडून गोखले रोडला लागले की नौपाडा सुरू होतो. एका हाताला राम मारुती रोड, पुढे घंटाळी, विष्णूनगर, हरिनिवास. देशातली पहिली प्रवासी गाडी १८५३ मध्ये ठाण्याला येऊन थांबली तेव्हा इथे वाड्या होत्या. नंतर बंगले आले, चाळी आल्या, सोसायट्या आल्या. १९६० नंतर वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांनी शहरातच नोकऱ्या आणल्या, पण नौपाड्यातला कारकून, शिक्षक, बँकवाला मोठ्या संख्येने मुंबईकडेच जात राहिला. त्याच्या दिवसात जाता-येता लोकलचे दोन तास असत. बसायला जागा मिळाली तर ते वाचनाचे तास होते, आणि शंभर पानांचे पुस्तक त्या वेळात नेमके बसत असे.

अशा वस्तीत खासगी सर्क्युलेटिंग लायब्ररी चालते ती स्टेशन आणि घर यांच्या मधल्या वाटेवर. जागा एका गाळ्याची, कधी जिन्याखालची. अनामत रक्कम पुस्तकाच्या किमतीच्या आसपास, म्हणजे वाचक पुस्तक घेऊन पळाला तरी मालक बुडत नाही. त्यावर महिन्याची वर्गणी. एक पुस्तक किंवा एक पुस्तक-एक मासिक, अशा पायऱ्या. सभासदाला क्रमांक असतो, नावाने कोणी विचारत नाही. रजिस्टरमध्ये क्रमांकापुढे पुस्तकाचा आकडा पडतो आणि परत आल्यावर त्यावर रेघ मारली जाते. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या तारखांच्या कागदावर शिक्का बसतो. गर्दी संध्याकाळी सहा ते आठ, गाड्यांच्या वेळेप्रमाणे लाटेलाटेने येणारी.

मालकाचे सगळे गणित फेऱ्यांवर असते. चारशे पानांची सामाजिक कादंबरी एका घरात पंधरा दिवस मुक्काम करते. रहस्यकथा दुसऱ्या दिवशी परत येते, कारण तिच्यात थांबण्यासारखे काही नसतेच. महिन्याच्या वर्गणीत वाचक रोज पुस्तक बदलू लागला तर मालकाला ते परवडत नाही असे वाटेल; प्रत्यक्षात तोच वाचक वर्षानुवर्षे सभासद राहतो. त्याला रोज नवे देत राहायचे तर महिन्याला दोन अर्नाळकरही कमीच. म्हणून फळीवर इतरही रहस्यकथाकार लागत. महाराष्ट्रभरच्या अशा लायब्रऱ्या हे या पुस्तकांचे खरे गिऱ्हाईक होते. घरी कपाटात ठेवायला अर्नाळकर विकत घेणारा माणूस विरळा.

काउंटरवर पुस्तकाचे नाव फारसे घेतले जात नसे. ‘काका, नवा झुंझार आला का?’ असे विचारले जाई. सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तक लेखकाच्या आडनावाने लागते; इथे फळी नायकाच्या नावाने ओळखली जाई. हजाराच्या घरातली पुस्तके, त्यात खून, सूड, फास, सापळा या शब्दांची उलटापालट करून ठेवलेली नावे. कुठले वाचले आणि कुठले राहिले, हे लक्षात ठेवणे अवघडच. त्यावर वाचकांनी आपली युक्ती काढली होती. प्रत्येकाचे एक पान ठरलेले असे. कोणी सतराव्या पानाच्या खाली पेन्सिलने आद्याक्षर घालणार, कोणी तेहतिसाव्यावर फुली. पुस्तक घेताना ते पान उघडायचे. खूण दिसली की परत ठेवायचे. जुन्या लायब्ररीच्या प्रतीत अशा दहा-पंधरा खुणा सापडतात आणि त्या पुस्तकाने किती घरे पाहिली याचा त्याहून चांगला पुरावा नाही.

फेऱ्या वाढल्या की प्रत झिजते. आधी मुखपृष्ठ सुटते, मग पहिले पान, मग शेवटचे. शेवटचे पान नसलेली रहस्यकथा सभासदाच्या हाती पडली की दुसऱ्या दिवशी काउंटरवर तक्रार ठरलेली. ते टाळण्यासाठी मालक नवी प्रत आल्याबरोबर बाइंडरकडे धाडतो. तिथे खाकी कागद, पुठ्ठा, पाठीला कापडाची पट्टी. सुटी पातळ पुस्तके फळीवर उभी राहत नाहीत म्हणून चार-पाच एकत्र बांधायचीही पद्धत होती. बांधताना मुखपृष्ठे काढून टाकली जात. मग पाच पुस्तकांचा एक क्रमांक होई आणि चित्रकाराचे नाव, किंमत, कधी कधी प्रकाशनाचे सालही त्या मुखपृष्ठाबरोबर निघून जाई.

ऑक्टोबर १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि १९८४ मध्ये ‘हम लोग’ आली. रात्री साडेआठ-नऊचा वेळ हळूहळू पडद्याकडे गेला. नौपाड्यातल्या गाळ्यांचे भाडे मात्र वाढतच राहिले. ज्या लायब्रऱ्या टिकल्या त्यांनी रहस्यकथेची फळी लहान करून स्पर्धा परीक्षा, पाककृती आणि इंग्रजी पुस्तकांना जागा दिली. दिवाळीनंतर ठराविक रकमेत महिना-दोन महिने हवे तेवढे दिवाळी अंक वाचायला देण्याची योजना ही पुष्कळांची वर्षातली मोठी कमाई ठरली. रहस्यकथेचा एक धागाही त्या अंकांत शिल्लक राहिला; ‘धनंजय’ नावाचा दिवाळी अंक रहस्य आणि विज्ञान यांनाच वाहिलेला आहे. डोंबिवलीत १९८६ साली सुरू झालेल्या पै फ्रेंड्स लायब्ररीने शाखा, घरपोच सेवा आणि पुस्तकांच्या अदलाबदलीचे मेळे असे मार्ग काढून हा व्यवसाय वाढवला, पण तो अपवाद.

बंद पडलेल्या लायब्रऱ्यांची पुस्तके किलोवर गेली. जुन्या इमारतींचा पुनर्विकास सुरू झाल्यावर घराघरांतले उरलेसुरले गठ्ठेही खाली आले. दोन वर्षे भाड्याच्या घरात काढायची असतात तेव्हा माळ्यावरचा झुंझार बरोबर नेला जात नाही.

दाखल नोंदवहीत काय आले

एवढी पुस्तके छापली गेली तर ती सरकारदरबारी कुठेतरी असणारच, असा समज होणे साहजिक आहे. कायदे तसे होतेच. १८६७ च्या मुद्रण आणि पुस्तक नोंदणी कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाच्या प्रती सरकारकडे द्याव्या लागत आणि मुंबई इलाख्यातल्या पुस्तकांची तिमाही यादी निघे. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने कोलकाता, चेन्नई आणि मुंबई इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रत पाठवायची असते. नंतर दिल्लीची भर पडली. स्वस्त पुस्तकांच्या प्रकाशकाला मात्र प्रत्येक शीर्षकामागे चार प्रती आणि त्यांचे टपाल हा नुसता तोटा वाटे. चुकवले तर कोणी दारात येत नसे. महिन्याला अनेक पुस्तके काढणाऱ्याकडून हे काम नियमाने होणे अवघडच होते.

मराठी पुस्तकांची सर्वांत भरवशाची सूची शंकर गणेश दाते यांची. पहिल्या भागात १८०० ते १९३७ पर्यंतची पुस्तके आहेत आणि तो १९४३ मध्ये निघाला. दुसरा भाग १९३८ ते १९५० या काळाचा, १९६१ मध्ये निघालेला. एकट्या माणसाने गावोगावची ग्रंथालये पालथी घालून केलेले ते काम आहे. पण अर्नाळकरांच्या दृष्टीने ते फार लवकर थांबते. १९३६ ते १९५० ही त्यांची पहिली चौदा वर्षे दात्यांच्या आवाक्यात येतात. त्यानंतरची चौतीस वर्षे, म्हणजे बहुतेक पुस्तके निघाली तो काळ, बाहेर राहतो. पुस्तकाला आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक देण्याची पद्धत भारतात १९८० च्या दशकात रुळू लागली, तेव्हा अर्नाळकरांचे लेखन आटोपत आले होते.

ठाण्याला या बाबतीत विशेष स्थान आहे. १ जून १८९३ रोजी विनायक लक्ष्मण भावे आणि विष्णू भास्कर पटवर्धन यांनी इथे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे भावे तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचे होते. मराठीत छापलेले प्रत्येक पुस्तक एका ठिकाणी असावे, हा त्यांचा हेतू. आज सुभाष पथावर त्याची मुख्य इमारत आहे आणि नौपाड्यात शाखा. ‘प्रत्येक पुस्तक’ या शब्दांचा अर्थ १८९३ मध्ये वेगळा होता. वर्षाला निघणारी मराठी पुस्तके तेव्हा मोजक्या शेकड्यांत होती. त्या हेतूत अर्नाळकरांसारखा लेखक बसवायचा तर एका लेखकासाठी अख्खे कपाट राखून ठेवावे लागले असते.

सार्वजनिक ग्रंथालयाची रीत काउंटरवाल्या लायब्ररीपेक्षा निराळी. इथे पुस्तक आले की दाखल नोंदवहीत क्रमांक पडतो, तारीख, किंमत, पाने, प्रकाशक लिहिले जातात. मग वर्गांक, मराठी कथात्मक साहित्याला ड्युई पद्धतीत ८९१.४६३. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याप्रमाणे ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरतात आणि अनुदान त्यावर मिळते. ग्रंथनिवड समितीकडे असते आणि समितीवर बहुधा शिक्षक, वकील, साहित्यप्रेमी मंडळी. त्यांनी रहस्यकथा घेतल्याच नाहीत असे नाही. सभासद मागत, म्हणून त्या देवघेव विभागासाठी येत. संदर्भ विभागात जाण्याचे भाग्य त्यांना क्वचित लाभे. देवघेवीतले पुस्तक फाटले की बाद होते, नोंदवहीत तसा शेरा पडतो आणि जागा रिकामी होते. अशा नोंदवह्या मात्र टिकून राहतात. पुस्तक गेले आणि नोंद उरली, असे अर्नाळकरांच्या बाबतीत पुष्कळ ठिकाणी झाले असणार. जिल्ह्यातल्या जुन्या ग्रंथालयांच्या नोंदवह्या एकत्र चाळल्या तर १,०९२ पैकी बऱ्याच शीर्षकांचा पत्ता लागेल. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे आहे, ठाण्याचे नगर वाचन मंदिर त्याहूनही जुने. चाळण्यासारखा कागद या जिल्ह्यात कमी नाही.

समकालीनांचे हिशेब

अर्नाळकर एकटे नव्हते. गुरुनाथ नाईक यांनी कॅप्टन दीपसारखे नायक उभे करून हजाराच्या पुढे मजल मारली, आणि त्यांच्या आकड्याबाबतही हाच गोंधळ आहे. पुण्याच्या सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद, बॅरिस्टर अमर विश्वास अशा मालिका लिहिल्या; पण त्यांच्या पुस्तकांना दुसरा जन्म मिळाला तो मालिकेबाहेरच्या ‘दुनियादारी’मुळे. २०१३ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला आणि दुकानांत शिरवळकरांची फळी पुन्हा भरली.

चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने दोषी धरले. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना निर्दोष ठरवले. निकालपत्रात कथानकाचा सारांश दिलेला असल्यामुळे तो अंक कोणाला मिळो न मिळो, श्यामाची कथा कायद्याच्या ग्रंथांत कायमची बसली आहे. त्यांच्याच ‘नीलांबरी’वरून ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट झाला.

नारायण धारप भयकथेकडे वळले. ‘लुचाई’मागे स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाची ‘सेलम्स लॉट’ आहे हे वाचकांना ठाऊक आहे. २०१८ च्या ‘तुंबाड’ चित्रपटाने धारपांचे नाव मराठी न वाचणाऱ्यांपर्यंतही नेले. त्यांची पुस्तके शंभराच्या थोडी वर. हा आकडा आटोक्यातला, म्हणून पुनर्मुद्रण करणाऱ्यालाही झेपणारा. हजार पुस्तकांच्या लेखकाला हे सुख मिळत नाही. कुठली दहा छापायची, इथेच प्रकाशक अडतो.

सध्या जे मिळते

नौपाड्यातल्या पुस्तकांच्या दुकानात आज रहस्यकथा मागितली तर समोर येतात ती बहुधा अमेरिकन नावे, मराठी अनुवादात: सिडने शेल्डन, जॉन ग्रिशॅम, रॉबिन कुक. साडेतीनशे-चारशे पाने, पांढरा कागद, मागे बारकोड आणि क्रमांक. यांतल्या कुठल्याही लेखकाची किती पुस्तके मराठीत आली हे घरबसल्या मोजता येते. अर्नाळकरांचे मिळते ते निवडीच्या रूपात. सतीश भावसर यांनी संपादित केलेल्या ‘निवडक बाबूराव अर्नाळकर’ने त्यांना नव्या वाचकांसमोर आणले. जुन्या सुट्या प्रती रद्दीवाले आणि संग्राहक यांच्यात फिरतात. मूळ मुखपृष्ठ शाबूत असेल तर किंमत छापील किमतीच्या कित्येक पट. बांधणीत कापल्या गेलेल्या प्रतीला संग्राहक हात लावत नाहीत, पण सूचीकाराला तीच अधिक उपयोगाची, कारण एका पुठ्ठ्यात पाच शीर्षके हाती लागतात.

अशी सूची करायची तर प्रत्येक शीर्षकासाठी तीन ठिकाणे ताडून पाहावी लागतील: प्रत्यक्ष प्रतीचे मुखपान, इतर पुस्तकांतली जाहिरात आणि एखाद्या ग्रंथालयाची दाखल नोंद. एकच कथा दुसऱ्या नावाने पुन्हा निघाली आहे का, हे कथा वाचल्याशिवाय कळणार नाही. त्यासाठी छायाप्रती काढून ठेवण्याचे तंत्र ठाण्याला नवे नाही. मराठी ग्रंथसंग्रहालयाने आपल्याकडील दुर्मीळ ग्रंथांच्या संगणकीय प्रती केल्या आहेत. ते ग्रंथ स्वामित्वहक्काच्या मुदतीबाहेरचे असल्याने सर्वांना खुले करता आले. अर्नाळकरांचे तसे नाही. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क राहतो, म्हणजे त्यांच्या पुस्तकांवर तो २०५६ च्या अखेरपर्यंत आहे. हस्तलिखिते एकरकमी विकली गेली असतील तिथे हा हक्क कोणाकडे आहे हे ठरवण्यासाठी जुने करारनामे पाहावे लागतात, आणि त्यांतले कित्येक प्रकाशक आता अस्तित्वातच नाहीत.